शुक्रवारची पिशवी

७ फेब्रुवारी

प्रिय वन्संबाई,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलायचं म्हणजे तुझा दादा शेजारी येऊन बसतो आणि माझी अर्धी वाक्यं परस्पर पूर्ण करून टाकतो. नणंद-भावजयींना मनासारखं बोलायचं असेल तर कागदच बरा.

बिस्किटाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर महिनाभर मी घरात बसले. तेवढ्या दिवसांत तुझ्या दादाचा चष्मा रोज शोधून दिला आणि कपाटं पुन्हा पुन्हा लावली. शेवटी तोच हात जोडून म्हणाला, बाई गं, कुठेतरी बाहेर जा. म्हणून आमच्या रस्त्याच्या टोकाला फूड बँक आहे, तिथे जाऊ लागले. नाव बँक असलं तरी आत नुसतं एक लांबलचक गोदाम आहे. दुकानांत उरलेला, खोकं चेपलेला, लेबल वाकडं लागलेला पण खायला चांगला असा माल तिथे येतो. काही माणसं घरूनही आणून देतात. आम्ही तो निवडतो, तारखा बघतो आणि ज्या घरांत हातातोंडाची गाठ पडत नाही तिथे पोचवतो. सगळा जन्म पाकिटं तपासण्यात गेला, त्यामुळे माझे हात आपोआप चालतात आणि तोंड रिकामं राहतं. ते मी प्रश्न विचारायला वापरते.

माझ्याकडे शुक्रवारच्या पिशव्यांचं काम आहे. जवळच्या शाळेत मुलांना दुपारचं जेवण मिळतं, पण शनिवार-रविवार शाळा बंद. काही मुलं शुक्रवारी दुपारी जेवतात ती सोमवारपर्यंत नीटशी जेवतच नाहीत, हे शाळेतल्या बाईंच्या लक्षात आलं. सोमवारी तीच मुलं वर्गात डोकं टेकून झोपायची. म्हणून दर शुक्रवारी मुलं मैदानावर असताना बाई त्यांच्या दप्तरात एकेक पिशवी सरकवतात. नावं फक्त बाईंना ठाऊक. आमच्यासाठी प्रत्येक पिशवीला चित्राचा बिल्ला आहे, ससा, किल्ली, छत्री असा. सोमवारी रिकामी पिशवी परत येते, आम्ही ती पुन्हा भरतो. त्यात मी माझ्या हाताने लिहिलेली एक चिठ्ठीही घालते: ‘बाळा, काळजी करू नकोस, तुझ्या अडचणीत आम्ही तुझ्यासोबत आहोत.’ गोदामात सगळ्यांना ती फार आवडली.

आता घोडं कुठे पेंड खातंय ते सांगते. छत्रीची पिशवी दर सोमवारी भरलेली परत येते. डबे, तांदूळ, दुधाची पावडर, बिस्किटं, सफरचंद, सगळं जसंच्या तसं. आधी वाटलं पोर विसरलं असेल. मग वाटलं दप्तरात तळाशी राहिली असेल. पण सफरचंदासकट इतकं वजन पाठीवर घेऊन कोणी विसरतं का? माझ्या डोक्यात भुंगा शिरलाय. तुझी भिंगरी साधारण त्याच वयाची. भरलेली पिशवी कोणतं मूल परत करेल, आणि का? तिलाही विचार, मामीने विचारलंय म्हणावं.

तुझी वहिनी

१६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुला कारखान्यातून सोडून त्यांनी फार मोठी चूक केली. पण त्यामुळे त्या गोदामाचं भलं होणार असेल तर होऊ दे.

आमचं छान चाललंय. ऑफिस तेच, फायली त्याच, साहेबांचा खोकलाही तोच. भिंगरी उंच झाली आहे, तिच्या नाचण्याने खालच्या मजल्यावरच्या आजी वैतागतात. दादाला सांग, एकटीचं अगदी मस्त निभतंय.

तुझ्या प्रश्नावर आम्ही दोघींनी विचार केला. तुमच्या पिशवीत डबे असतात म्हणालीस. ते उघडायला ओपनर लागतो, तो प्रत्येक घरात असतोच असं नाही. मी भिंगरीला एक डबा दिला आणि म्हटलं, उघड बघू. तिने चमचा घेतला, मग कात्री घेतली, मग डबा जमिनीवर आपटला. शेवटी मी तो हिसकावून घेतला, नाहीतर बोटं कापून घेतली असती. दुसरं म्हणजे तांदूळ. आईबाप कामावर असताना एवढ्या मुलांना कोणी गॅसला हात लावू देत नाही. मी तर शनिवारी निघताना गॅस खालूनच बंद करते. मग घरात तांदूळ असले काय आणि नसले काय, मूल ते कच्चे थोडेच खाणार आहे? त्याला लागतं हाताने उघडून लगेच खाता येईल असं काहीतरी.

हे गोदामातल्या तुझ्या साहेबांना सांग आणि शाबासकी तू घे, मला नको.

तुझी लाडकी नणंद

२४ फेब्रुवारी

प्रिय वन्संबाई,

तुझं पत्र मी गोदामात सगळ्यांना वाचून दाखवलं, डबा आपटण्यापर्यंतचं. आमचे साहेब निवृत्त शिपाई आहेत, सहसा कोणाचं ऐकत नाहीत, पण हे ऐकून त्यांनी लगेच मालाची यादी मागवली. आता आम्ही वरून कडी ओढून उघडणारे डबेच घालतो. तांदूळ काढले. त्याऐवजी गार दुधात भिजवून खाता येणारे पोहे आणि केळी. पुढच्याच सोमवारी काय झालं सांगू? किल्लीच्या पिशवीत तळाला केळ्याची साल निघाली. घाण वाटायच्या ऐवजी आम्ही सगळ्या ती बघायला गोळा झालो.

पण छत्री पुन्हा भरलेलीच आली. तेव्हा ओपनरचा प्रश्न नव्हता.

आणि आता नवीनच. मी पिशवी रिकामी करत होते आणि बिस्किटांच्या पुड्यापाशी हात थांबला. पुडा आमचा नव्हता. आम्ही घालतो तो आमच्याच कारखान्यातला, त्याची टोकं दोन्हीकडून सारखी दाबलेली असतात. हा दुसऱ्या कंपनीचा होता, एका बाजूला घडी घालून चिकटवलेला. चव जवळपास तीच, वेष्टनाचा रंगही तोच, दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण कारखान्यातल्या पुड्यांच्या सरकत्या पट्ट्यापाशी मी अर्धं आयुष्य उभी राहिले आहे. म्हणजे कोणीतरी आमची बिस्किटं खाल्ली आणि त्याजागी दुकानातून दुसरी आणून ठेवली. ज्या घरात खायला नाही तिथे आम्हाला परत द्यायला बिस्किटं विकत आणतात, हे मला उलगडत नाही. तुझ्या दादाला विचारलं, तो म्हणाला उंदरांनी खाल्ली असतील. उंदीर दुकानात जातात का, असं विचारल्यावर त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

जाता जाता, तू शनिवारी कुठे निघतेस? तुमचं ऑफिस तर शनिवारी बंद असतं. बढती मिळाली असेल आणि आम्हाला सांगितलं नसशील तर तुझी काही खैर नाही.

तुझी वहिनी

३ मार्च

वहिनी,

बढती वगैरे काही नाही. कधीकधी जादा काम असतं, तेवढंच.

बिस्किटांचं मला सोपं वाटतं. मूल शुक्रवारी घरी येताना वाटेत दप्तर उघडतं. बिस्किटं वरच असतात. जिना चढेपर्यंत पुडा संपतो. वर आई पिशवी बघते आणि विचारते, हे कुठून आणलंस. मग ती ठरवते की हे परत द्यायचं. पण पुडा तर गेला. अर्धवट पिशवी परत केली तर तुम्ही म्हणाल, खाल्लं आणि वर तोरा. म्हणून ती सोमवारी सकाळी कोपऱ्यावरचं दुकान उघडेपर्यंत पोरीला घेऊन उभी राहते आणि दिसायला तसाच पुडा घेते. तुझी नजर इतकी तिखट असेल हे तिला कसं कळावं.

आणि ती परत का देते, हे विचारत होतीस ना, तर तुझी ती चिठ्ठी काढून टाक. तुला ती मायेने लिहावीशी वाटली हे मला कळतं. पण पोरीने ती जिन्यात मोठ्याने वाचली असेल तर? ‘तुझ्या अडचणीत.’ दार उघडं ठेवून बसणारे शेजारी असतात, वहिनी. आईने रात्रंदिवस राबून पोरीपासून जी अडचण लपवली, ती तिला कोणा अनोळखी बाईच्या अक्षरात वाचायला मिळते. वर ते ‘बाळा’. शिवाय त्या आईला असंही वाटत असेल की आपल्याहून वाईट हाल असलेली मुलं खूप आहेत, त्यांच्या तोंडचं आपण कशाला घ्यायचं. हे चुकीचं आहे का?

तुला वाईट वाटलं तर माफ कर. आज डोकं दुखतंय.

नणंद

९ मार्च

प्रिय वन्सं,

चिठ्ठ्या बंद केल्या. उरलेल्या माझ्या हाताने फाडल्या. वाईट वाटलं, पण तुझं नाही, माझंच. मला वाटत होतं मी धीर देतेय.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. छत्रीच्या आईला मी कधी पाहिलं नाही आणि तूही नाहीस. तरी ती कोपऱ्यावरच्या दुकानासमोर उभी राहते हे तुला ठाऊक आहे. मी फक्त ‘मूल’ म्हणत होते, तू मात्र ‘पोरगी’ म्हणतेस. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. म्हणून आडवळणाने न जाता सरळ विचारते, तू मला ओळखतेस, मला आडवळण जमतही नाही. भिंगरीच्या शाळेतही शुक्रवारी पिशव्या देतात का? आणि त्यातली एक दर सोमवारी भरलेली परत जाते का?

तुझ्या दादाला मी यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही. तुझ्या परवानगीशिवाय सांगणारही नाही. त्याच्या भाबड्या मनात अजून बिस्किटं उंदरांनीच खाल्ली आहेत.

तुझी वहिनी

२० मार्च

वहिनी,

तुला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची सवय आहे. गोदामात ती उपयोगी पडत असेल, इथे नको. आम्ही ठीक आहोत. दादाला काही बोलू नकोस आणि काही पाठवूही नकोस. पाठवलंस तर मी परत करीन.

नणंद

२७ मार्च

प्रिय वन्सं,

परत करशील हे मला माहीत आहे, म्हणून काही पाठवलेलं नाही. या पाकिटात फक्त हा कागद आहे. विचारायचं ते विचारून झालं, उत्तराचा तगादा लावणार नाही. पण तू मला एक प्रश्न विचारला होतास, आपण घेतलं तर दुसऱ्या मुलाच्या तोंडचं जातं का, असा. मलाही उत्तर माहीत नव्हतं, म्हणून मी साहेबांच्या मागे लागले.

उत्तर हे आहे. मुलांची संख्या बघून पिशव्या भरतात. बाई जेवढी मुलं सांगतात तेवढ्या पिशव्या निघतात, आणि गोदामात माल त्याहून जास्त असतो. कमी पडतात ते आम्हा बायकांचे हात. एकाने घेतली म्हणून दुसऱ्याची रिकामी राहत नाही. आणि जी भरलेली परत येते ती दुसऱ्या कोणाला देता येत नाही. एकदा बाहेर गेलेलं खाणं पुन्हा वाटायचं नाही, असा नियम आहे, कारण मधल्या दोन दिवसांत ते कुठे होतं हे आम्हाला ठाऊक नसतं. हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी पिशवी रिकामी करून बाजूला ठेवायचे, पुढे त्याचं काय होतं ते बघितलंच नव्हतं. परवा बघितलं. छत्रीची सगळी सफरचंदं आणि पोहे मागच्या कचऱ्याच्या पिंपात गेले. मी तिथेच रडले आणि साहेबांना बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

मग मी दोन गोष्टी केल्या. आमच्यातल्या एकीचा हात मोडला आहे, म्हणून शाळेतल्या बाईंना निरोप दिला की बुधवारी पिशव्या भरायला माणसं हवीत, कोणाच्याही आईला यायचं असेल तर तिने यावं. आणि साहेबांशी भांडून एक नियम करून घेतला, की जी पिशव्या भरेल तिने एक भरलेली पिशवी घरी न्यायची. सगळ्यांनी न्यायची, गरज असो नसो. नाहीतर कोण गरजेने नेतेय आणि कोण नाही हे उगाच दिसत राहतं. मीही नेते. तुझा दादा त्यातले पोहे खातो आणि केळी दोन का नाहीत म्हणून कुरकुरतो. त्याला कुठून आणलं ते माहीत आहे, त्याला त्याचं काडीचंही वाटत नाही.

या बुधवारी दोन नव्या बाया आल्या होत्या. दोघींपैकी एक छत्रीची आई असेल किंवा नसेलही. विचारायचं नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. माझ्यासारखीला हे किती जड जातंय याची कल्पना कर. एकीने मला डबे खाली आणि केळी वर ठेवायला शिकवलं, एवढंच सांगते.

आणि एक. तू आमचं घर सोडून एकटी राहायला निघालीस तेव्हा तुझा दादा जे बोलला ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. तुला एकटीने निभणार नाही, असं तो म्हणाला. तू ते अजून गाठीला बांधून ठेवलं आहेस. तो मात्र बोलला आणि विसरला. तू भिंगरीला घेऊन जिथे उभी आहेस तिथे तो दोन दिवससुद्धा टिकला नसता, त्याला चष्मा सापडत नाही.

तुझी वहिनी

१४ एप्रिल

प्रिय वहिनी,

मागच्या पत्रात तुला फार टोचून बोलले. माझा कान धर आणि माफ कर.

ऑफिस नोव्हेंबरातच बंद झालं. साहेबांचा खोकला मी मनाने लिहिला. आता मी एका मोठ्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते, शनिवार आणि रविवार धरून. आठवड्यात मिळालं तर साफसफाईचं काम असतं. त्या दोन दिवसांत भिंगरी घरी एकटी असते. खालच्या आजी छताकडे कान लावून असतात. सकाळी जे करून ठेवते ते ती दुपारी खाते, आणि कधीकधी ते पुरेसं नसतं. हे वाक्य दोनदा खोडलं, पण शेवटी लिहिलं.

भिंगरीच्या शाळेतल्या बाईंनी जानेवारीत पिशवी द्यायला सुरुवात केली. मी भिंगरीला बजावलं होतं, उघडायची नाही, दाराशी चपलांजवळ ठेवायची आणि सोमवारी परत न्यायची. एकदाच तिने बिस्किटं खाल्ली. मी तिला फटका मारला, वहिनी. बिस्किटं खाल्ली म्हणून. तुझ्या छत्रीच्या आईने मारलं असेल की नाही मला माहीत नाही, मी मारलं. आणि तुझं पत्र वाचल्यावर कळलं की मी दर सोमवारी मान ताठ करून जे परत देत होते ते पिंपात जात होतं. मला वाटत होतं ते दुसऱ्या कोणा मुलाच्या पोटात जातंय. त्या दिवशी लाँड्रीत माझ्या घड्या सगळ्या वाकड्या आल्या.

गेल्या आठवड्यात मी आमच्या इथल्या फूड बँकेत गेले. दारावरच्या बाईला म्हटलं, मला बुधवारी दुपारी वेळ असतो, पिशव्या भरायला येऊ का. तिने एप्रन दिला, काही विचारलं नाही. तुझ्यासारखी तिथे कोणी नाही हे नशीब. तुमचा नियमही मी त्यांना सांगितला. त्यांना आवडला, त्यामुळे आता मीही एक घरी आणते. दादाला मी स्वतः लिहिलंय, वेगळं पाकीट टाकलंय. तो येतो म्हणाला तर येऊ दे. न्यायला येतो म्हणाला तर तू त्याला अडव.

शुक्रवारी भिंगरी आली आणि तिने शाळेची पिशवी नेहमीसारखी चपलांजवळ ठेवली. मी ती उचलून ओट्यावर ठेवली. ती दारातच उभी राहिली. म्हणाली, सोमवारी द्यायची नाही? मी म्हटलं, रिकामी द्यायची, आतलं आपलं आहे. तिचा विश्वास बसेना. प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिने विचारलं, हे पण? आणि हे पण? मी प्रत्येक वेळी हो म्हणत गेले.

शनिवारी मी कामावरून येते तेव्हा ती उंबऱ्यावर बसलेली असते. जिन्यात माझी पावलं ऐकली की उठते आणि आधी माझ्या हाताकडे बघते, मग तोंडाकडे. या शनिवारी उंबऱ्यावर कोणी नव्हतं. दार ढकलून आत गेले तर सगळ्या खुर्च्या आडव्या पाडलेल्या, वर चादर टाकलेली, आणि आतून आवाज आला, आई, आत्ता नको येऊस, मी समुद्रात आहे. इतके महिने ती शनिवारी खेळलेली मी पाहिलीच नव्हती, ती नुसती वाट बघायची. मी चपला न काढता तिथेच उंबऱ्यावर बसले, आणि तिचं जहाज किनाऱ्याला लागेपर्यंत थांबले.

तुझी नणंद